पाणी ओळखण्याची मजुरी

(ऑक्टोबरच्या मासिक बैठकीत, सिल्लोड येथे, क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. काही ताईंच्या मागणीवरून छापत आहोत.)



आज विषय आहे समुद्रातली मासेमारी. हसू नका. सिल्लोडहून वेंगुर्ल्याचा समुद्र सहाशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, आणि आपल्या संघातल्या कितीतरी जणींनी तो पाहिलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण अजिंठ्याकडच्या दोन गटांनी पर्यटनासाठी दीड लाख कर्जाची मागणी टाकली आहे. पाहुण्यांना डोंगर दाखवायचा, घरी जेवू घालायचं, आणि त्यासाठी गाडी घ्यायची. त्यावर आज ठराव घ्यायचा आहे. हा धंदा ज्या बाया आधीपासून करतात त्यांचं काय चालतं, ते ऐकून मग हात वर करा.

पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै, आपल्या राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ते दिवस माशांच्या विणीचे, आणि समुद्रही खवळलेला. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात जातात. खरा हंगाम मात्र आत्ता, दसरा-दिवाळीच्या सुमारास. पाणी निवळतं, वारा पडतो, बांगडा आणि तारली किनाऱ्याजवळ येते, बाहेर खोल पाण्यात सुरमई लागते. ह्याच दिवसांत पुण्या-मुंबईचे हौशी लोक मालवण-गोव्याकडं येतात आणि पैसे देऊन होडी ठरवतात. मासा बाजारातून घ्यायचा नाही, स्वतः गळानं धरायचा, ही हौस. त्याला तिकडं गरवणं म्हणतात.

आता नीट बघा, तो पाहुणा पैसे कशाचे देतो? गळ, काठी, चक्री सगळं त्याचं स्वतःचं असतं, आणि आपल्यापेक्षा भारी असतं. होडी तर कुठंही मिळते. तो पैसे देतो तांडेलाच्या डोक्यातल्या माहितीचे. पाखरं घिरट्या घालतात तिथं खाली मासळीचा थवा आहे, होडी थव्यात घुसवायची नाही, कडेनं नेत गळ मागून ओढायचा. खाडीच्या तोंडाशी पाणी फिरतं त्या घटकेला चोणक खारफुटीच्या मुळांजवळून बाहेर येतो. (रायगडाकडं ह्याच माशाला जिताडा म्हणतात.) ती घटका चुकली की दिवसभर गळ टाकून बसा, हाती काही नाही.

आणि ती घटका कळते कशी? हे मला सगळ्यात आवडलं, कारण ह्याचं गणित आपल्या घरच्या कालनिर्णयवर करता येतं. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चाराचे तीन, म्हणजे भरती साधारण तीनला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, नऊला. दिवसातून दोन वेळा भरती, दोन वेळा ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासानं, थोडी जास्तच, पुढं सरकते. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. गावागणिक थोडा फरक पडतो, पण हिशोब हाच. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या बाजूला पाणी फार हलत नाही, तो भांग. आपण तिथी उपासाला बघतो, त्या बाया कामाला बघतात.

बाया म्हणते, कारण खोल समुद्रात जाणारे बहुतेक पुरुष असले तरी उथळ पाण्यात बाईचंच राज्य. ओहोटीला खाडीतला चिखल, वाळू आणि खडक उघडे पडतात. तेवढ्या दोन-तीन तासांत बाया गुडघाभर चिखलात उतरतात. हातापायानं चाचपून तिसऱ्या, मुळे काढतात, खडकाला चिकटलेली कालवं लोखंडी हत्यारानं फोडतात. पाय कापतात, कंबर जाते. पाणी परत फिरायच्या आत बाहेर यायचं. मग विकायलाही तीच, सुकवायलाही तीच. आणि मच्छीमार कोण असं विचारलं की नाव निघतं होडीवाल्याचं. सातबाऱ्याच्या बाबतीत आपल्याकडं जे होतं तेच. निंदणी-खुरपणी, मिरचीची तोडणी आपली, आणि शेतकरी कोण? जाऊ द्या, तो विषय एका बैठकीत संपणारा नाही.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी नावाचा महिला बचत गट आहे. 2017 पासून ह्या बाया पर्यटकांना होडीतून खारफुटीचं जंगल दाखवतात. होडी वल्ह्यानं चालवायची, इंजिन नाही. त्यामुळं आवाज नाही, पक्षी उडत नाहीत आणि डिझेलचा खर्च नाही. शासन आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत त्यांना होती, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल की नुसत्या जिद्दीवर झालं. पण वल्हं मारायला त्या स्वतः शिकल्या. खारफुटीच्या जाती ओळखायला, त्या पाहुण्याला समजावून सांगायला शिकल्या. लहानपणापासून पाहिलेल्या झाडांची माहिती त्यांनी विकायला काढली. खानावळीच्या आधी हे.

इथं माझं मत सांगते, पटलं नाही तर बोला. पर्यटन म्हटलं की आपले गट पहिल्यांदा पिठलं-भाकरीचा स्टॉल मांडतात. वाईट नाही. पण भाकरीचे पैसे भाकरीएवढेच मिळतात, आणि शेजारची दहा रुपये कमी लावते. सोयगाव घाटाकडचा डोंगर, कर्टुले कुठल्या वेलाला कधी येतात, सीताफळ झाडावर डोळा कधी उघडतं, पावसात कुठली वाट निसरडी होते, हे तुम्हाला जितकं ठाऊक तितकं संभाजीनगरहून गाडी घेऊन येणाऱ्याला नाही. ह्या माहितीला दर लावा. एक लक्षात ठेवा, लेणीच्या आत माहिती सांगायला परवाना लागतो. तिथं आपण शिरायचं नाही. आपलं काम बाहेरच्या वाटांचं.

आता पैसे. समजा दीड लाख घेतले, दोन वर्षांत फेडायचे, तर हप्ता महिन्याला सात हजारांच्या घरात जातो. कोकणात पावसाचे चार महिने होडी बांधून ठेवावी लागते, हप्ता बांधून ठेवता येत नाही. चार महिन्यांचे अठ्ठावीस हजार उरलेल्या आठ महिन्यांत काढायचे, म्हणजे हंगामात दर महिन्याला साडेदहा हजार बाजूला. माणशी दोनशे रुपये धरले तर महिन्याला त्रेपन्न पाहुणे नुसत्या हप्त्यासाठी, तुमची मजुरी अजून निघालीच नाही. आपल्याकडं उलटं आहे. पावसात धबधबा बघायला गर्दी, हिवाळ्यात सहली, आणि एप्रिल-मे शुकशुकाट. सोमवारी लेणी बंद. हे दिवस वहीत आधी काढा, गाडीचा रंग नंतर ठरवा.

आणि गाडी कुणाच्या नावावर? कोण चालवणार? मागणी अर्जात चालक म्हणून दोन्ही गटांनी घरातल्या पुरुषांची नावं दिली आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. पण मग हप्ता गटाचा आणि भाडं घराचं, असं होतं. वेंगुर्ल्याच्या बायांनी वल्हं दुसऱ्याच्या हातात दिलं असतं तर त्या आज होडीत डबे वाटत बसल्या असत्या.

शेवटचं, आणि ह्यावर मी अडून बसणार आहे. मे 2022 मध्ये मालवणजवळ तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाहुणा आपल्या शब्दावर विसंबून येतो. ह्या वाटेला नको म्हटलं की नको, त्यानं जास्तीचे पैसे दाखवले तरी. पावसाळ्यात डोंगराच्या कड्यावर सेल्फीला उभी राहणारी पोरं तुम्ही रोज बघता. नाही म्हणायची तयारी नसेल तर हा धंदा करू नका. किती लोक वर गेले, किती उतरले, ही मोजणी एकीकडंच राहील, तिचं नाव आधी ठरलं पाहिजे.

एका मावशीनं मघाशी चहाच्या वेळी विचारलं, “बाई, मग कर्ज देऊच नको म्हणतीस का?” तसं नाही मावशी. माझी सूचना अशी: गाडीची मागणी फेब्रुवारीपर्यंत थांबवा. तोवर दिवाळीच्या सुट्टीपासून भाड्याच्या गाडीवर, नाहीतर पाहुण्याच्याच गाडीत बसून, दर रविवारी दोन जणींनी आळीपाळीनं वाट दाखवायची. सुरुवातीच्या खर्चाला, म्हणजे ओळखपत्र, प्रथमोपचार पेटी, दोरी, फलक ह्यासाठी, गटाच्या बचतीतून पाच हजारांपर्यंत उचल द्यावी. मजुरी त्याच दिवशी, जी गेली तिच्या हातात. बाकी गटात.

दोन्ही गटांच्या सचिव ताईंनी पुढच्या बैठकीला वही आणायची. तारीख, कोण गेलं, किती पाहुणे, किती पैसे, कुठल्या पाहुण्याला नाही म्हटलं आणि का. हा शेवटचा रकाना कोरा आला तर मी विचारणार आहे.

आता ठराव वाचते. सूचक आणि अनुमोदक कोण होणार, नावं सांगा.