चुलीसह प्रवास आणि आरे-वारेचा रस्ता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला समुद्रकाठच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. धुळे-जळगावच्या बायकांना समुद्राचे काय, असे कुणाच्या मनात आले असेल. पण खरे पाहता समुद्राशी आपले नाते पुणेकरांपेक्षा जवळचे आहे. त्यांच्या मुळा-मुठेचे पाणी भीमेतून, कृष्णेतून दूर बंगालच्या उपसागराला जाते. आपली पांझरा, बोरी, गिरणा तापीला मिळतात आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. आपल्या दारावरून गेलेले पाणी तेथे पोचते. आपण मात्र काठावर धुणी धूत राहतो.

२०२३ च्या जानेवारीत आमच्या घरचा नऊ दिवसांचा प्रवास झाला, तो मोटारघरातून. याला कॅराव्हॅन म्हणतात. शब्द मूळचा फारसी, आपण गाण्यांतून ऐकतो तो कारवाँ. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात ते होते. गाडी भाड्याची, चालक त्यांचाच. आत दोन लांब बाके, रात्री त्यांचेच बिछाने. एका कोपऱ्यात मोरी, आणि दाराशी गॅसची शेगडी, भांडी घासावयाचे बेसिन व लहानसा फ्रीज. रात्री आम्ही बायका गाडीत आणि पुरुषमंडळी बाहेर तंबूत, अशी व्यवस्था. भाच्याची लहान मोटार मागून होतीच.

धुळ्याहून मालेगाव, नाशिक, पुणे, कराड करीत कुंभार्ली घाटाने आम्ही कोकणात उतरलो. वाटेचे वर्णन करीत नाही. सांगावयाचे आहे ते त्या शेगडीविषयी.

पहिला दिवस घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निभावला. दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबली की चहा, चहा झाला की "भजी होतील का?" घरी पुरुष कचेरीला जातात, चार तास तरी चूल थंड असते. येथे सगळे रिकामे, सगळे भुकेले, आणि स्वयंपाकघर हाताच्या अंतरावर! माझ्या नणंदबाई अमळनेरकडच्या, वय एकाहत्तर. त्या म्हणाल्या, "वहिनी, ही तर आपली वणीच्या गडाची बैलगाडी." खरेच होते ते. चैत्रात गडाला जाताना तीन दगडांची चूल मांडून बायकाच भाकरी थापत. आता दगडांच्या जागी गॅस आला एवढेच.

फ्रान्स देशात समुद्रकाठी अशी मोटारघरे उन्हाळ्यात रांगेने उभी असतात. तेथे १९३६ साली कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी सुट्टी देणारा कायदा झाला आणि साधी कुटुंबेही समुद्रावर जाऊ लागली. चांगला कायदा. पण तो पगारदारांचा. चुलीपुढच्या बाईला पगारच नाही, तर तिला पगारी रजा कोण देणार?

चौथ्या दिवशी आमचा मुक्काम गणपतीपुळ्यास होता. सकाळी सूनबाई म्हणाली, "आई, आज आपण चौघीच जाऊ. तांदूळ, डाळ, साखर कुठे आहे ते यांना दाखवून ठेवलं आहे." चौघी म्हणजे ती, मी, वन्सं आणि चौदा वर्षांची नात. यजमान म्हणाले, रस्ता अनोळखी आहे, वळणाचा आहे, चालकाला न्या. आमची सूनबाई रोज धुळ्याहून पारोळ्याला स्वतः मोटार चालवीत शाळेत शिकवावयास जाते. सुरत-नागपूर हमरस्त्यावरच्या मालट्रकांची जिला सवय, तिला कोकणातले वळण काय अडवणार! तिने भाच्याकडून किल्ली घेतली आणि आम्ही निघालो.

रस्ता लहानसाच. गणपतीपुळ्याहून दक्षिणेला भंडारपुळे, नेवरे, मग आरे, वारे आणि शिरगाववरून रत्नागिरी. सारे मिळून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. निवळीवरून महामार्गाने गेले तर अंतर जवळजवळ दुप्पट पडते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला जांभ्या दगडाचे तांबडे डोंगर आणि मोहोरलेल्या आंब्यांच्या बागा. कपाशीची काळी जमीन पाहणाऱ्या डोळ्यांना तो तांबडा रंग प्रथम खुपतोच. आऱ्याची खाडी पुलावरून ओलांडली की रस्ता डोंगरावर चढतो, आणि माथ्यावरच्या वळणावर एकदम खाली पाणीच पाणी. मागे आऱ्याची वाळू, पुढे वाऱ्याची, मध्ये आपण.

गणपतीपुळ्यास आम्ही अंधारात पोचलो होतो, आणि सकाळी देवळाच्या गर्दीत वन्संना समुद्र धड दिसलाही नव्हता. येथे सूनबाईने मोटार कडेला घेतली. वन्सं उतरल्या, दगडी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "आपली तापीमाय आठेच येस का वं?"

मी म्हटले, इथे नाही, ती वर सुरतेकडे येते. पण समुद्र हाच. त्यांनी हात जोडले.

वाऱ्याला सुरूच्या बनातून खाली वाळूवर गेलो. नात पाण्याकडे धावली, तिला घोट्यापलीकडे जाऊ दिले नाही. वन्संनी लुगडे वर खोचले, ओंजळीत पाणी घेऊन डोक्याला लावले, जिभेलाही लावून पाहिले आणि तोंड वाकडे केले. मग सुरूखाली बसल्या. वैधव्य लवकर आले, शेत आणि दोन मुले एकटीने सांभाळली; लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना निवडणे, टिपणे, वळणे यांशिवाय बसलेले पाहिले नव्हते. त्या दिवशी तासभर त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते. तेवढ्या वेळात सूनबाईचा फोन तीनदा वाजला: हिंग कुठे, भाताला पाणी किती, आणि कुकरची शिट्टी का होत नाही. तिसऱ्यांदा वन्संच म्हणाल्या, "वाजू दे."

पुढे रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाचे राज्य घेऊन थिबा राजाला हद्दपार केले. हा वाडा १९१० सालचा, आणि १९१६ साली राजा रत्नागिरीतच वारला. राजापेक्षा वन्संना राणीचीच काळजी. एवढी दूर आलेली, तिला इथले कालवण रुचले असेल का, हे त्या परतीच्या वाटेवर दोनदा विचारत होत्या.

परतलो तो पिठले-भात तयार होता. पिठल्यात गुठळ्या होत्या, भात खाली लागला होता. आम्ही पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा पुरुषांकडे आणि रात्रीची भांडी भाच्याकडे गेली, ती प्रवास संपेपर्यंत तशीच राहिली. घरी आल्यावर चहा तेवढा टिकला आहे.

ज्यांना जावयाचे असेल त्यांना दोन सूचना. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यास धोक्याचा आहे. कोठेही पाण्यात पाय घालण्यापूर्वी भरतीची वेळ गावकऱ्यांना विचारावी. आणि पावसाळा टाळावा. मोटारघरच हवे असे नाही, एस.टी.नेही रत्नागिरी गाठता येते. येत्या माघात मंडळाची सहल काढावी असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. वन्संचे नाव मी पहिले लिहून दिले आहे. त्यांना या वेळी तापी जेथे मिळते तेथेही जावयाचे आहे, तेव्हा परतीचा मार्ग सुरतेवरून ठेवता येईल का, ते पाहावे.