गुरुजी कुठल्या बटनात आहेत?

(धायरीतल्या विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलं आहे.)



मला विषय दिलाय 'कॉलेजातलं मार्गदर्शन आणि नवं तंत्रज्ञान'. या विषयावर बोलायला एखादा कोट-टायवाला प्रोफेसर बरा दिसला असता. मी फॉर्म भरणारा माणूस आहे. दर रविवारी विहारात लॅपटॉप उघडून बसतो आणि पोरापोरींचे फॉर्म भरतो. तेव्हा जे बोलेन ते त्या सतरंजीवरून बोलेन.

आधी आपल्या जागेचं. ही धायरी २०१७ साली महापालिकेत गेली. फाट्यापासून आत या, जिथं तिथं कॉट बेसिसच्या पाट्या. शेजारी नऱ्हे, वडगाव, आंबेगाव, सगळीकडं इंजिनिअरिंगची, मॅनेजमेंटची कॉलेजं. बीड, लातूर, परभणी, बुलढाण्याहून आलेली आपली पोरं इथं एका खोलीत पाच-पाच, सहा-सहा राहतात. मेसचा एक डबा दोघांत खातात. घरातलं कॉलेजची पायरी चढलेलं पहिलंच माणूस. बाप ऊस तोडतो, आई दुसऱ्याची भांडी घासते. या पोरानं कुठली शाखा घ्यावी, कुठला दाखला कुठल्या कचेरीतून आणावा, कुठल्या तारखेच्या आत काय भरावं, हे त्याला कोण सांगणार? सवर्णाच्या पोराला मामा सांगतो, आत्याचा नवरा सांगतो. दिवाणखान्यात चहा पिता पिता त्याची चार वर्षं आखून होतात. आपल्या पोराचा मामा वीटभट्टीवर आहे.

मार्गदर्शन कशाला म्हणतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळकरी भीमराव पुस्तक वाचत बसायचे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर तिथं यायचे. त्यांनी या पोराला हटकलं, चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराला आले. पुढं पैशावाचून शिक्षण अडलं तेव्हा त्यांना घेऊन सयाजीराव गायकवाडांकडं गेले. महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती लागली. १९१३ ला बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोचले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. आता बघा, केळूसकर गुरुजींनी केलं काय? पोरगं काय वाचतंय ते बघितलं. ते कुठं अडलंय ते विचारलं. आणि जिथं पैसा होता तिथपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले. बघणं, विचारणं, बरोबर जाणं. मार्गदर्शन म्हणजे एवढंच, आणि यातलं एक जरी गाळलं तर बाकीचं फुकट.

आज गुरुजींच्या जागी पोर्टल आहे. मी पोर्टलचा शत्रू नाही. जुन्या खिडकीवरचा क्लार्क जात बघून बोलायचा, 'उद्या ये' म्हणायचा, चहापाणी मागायचा. मशीनला चहा लागत नाही, हे मला कबूल आहे. पण मशीन बरोबर चालत येत नाही, हेही तुम्ही कबूल करा.

बारावीनंतरचं घ्या. सीईटी, मग कॅप राऊंड, मग ऑप्शन फॉर्म. कॉलेजांचे कोड पसंतीक्रमानं टाकायचे. पहिल्या फेरीत पहिलंच कॉलेज लागलं तर जागा आपोआप फ्रीज, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. हा नियम ज्याला ठाऊक आहे तो एकेक कोड मोजून-मापून टाकतो. त्यासाठी हजारो रुपये घेणारे सल्लागार पुण्यात दुकान मांडून बसलेत. आपलं पोरगं कॅफेवाल्याला म्हणतं, 'दादा, टाका काहीतरी चांगलं.' दादाच्या मागं लाईन असते. तो ओळखीचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकतो आणि बटन दाबतो. मशीन सांगितलं तेवढं इमानानं करतं. चार वर्षांचा निकाल मात्र त्या लाईनमध्ये लागलेला असतो.

आता शिष्यवृत्ती. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती कुणाची भीक नाही, ती बाबासाहेबांची कमाई आहे. आज महाराष्ट्रात ती महाडीबीटीवरून मिळते. आधारवर ओटीपी, मग जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट. अर्ज आधी कॉलेजकडं जातो, तिथून समाजकल्याणकडं, आणि पैसा आधारला जोडलेल्या खात्यात. कागद चुकला तर अर्ज मागं येतो. कागदावर सगळं सरळ आहे.

माझंच सांगतो. कॉलेजचं नाव घेत नाही, अशी कॉलेजं पोत्यानं आहेत. माझ्या अर्जात उत्पन्नाच्या दाखल्याचं पान अर्धवट स्कॅन झालं होतं. अर्ज परत आला. मशीननं मेसेज पाठवला, खोटं कशाला बोलू? पण कुणाला पाठवला? माझ्या आधारला बापाचा नंबर. बाप तेव्हा कारखान्याच्या फडावर. मेसेज इंग्रजीत. त्यानं तो मुकादमाला दाखवला. मुकादम म्हणाला, 'कंपनीचाय, रिचार्ज संपला असंल.' बापानं कोयता उचलला आणि कामाला लागला. तीन महिने माझा अर्ज तसाच पडून. परीक्षा तोंडावर आली तेव्हा खिडकीतला क्लार्क म्हणाला, 'फी बाकी आहे, हॉल तिकीट मिळणार नाही.' मी म्हणालो, शिष्यवृत्ती आहे की. त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. अर्ज परत, कारण दाखला अपुरा. तीन महिने ती अक्षरं त्याच्यासमोर होती आणि मी रोज त्याच खिडकीसमोरून वर्गात जात होतो. मी म्हणालो, 'सर, हाक मारायची ना एकदा.' तो म्हणाला, 'सिस्टिमनं सांगितलंय.'

खोलीतल्या पोरांनी वर्गणी काढली म्हणून मी परीक्षेला बसलो. माझ्याच खोलीतल्या एकाचा अर्ज असाच अडकला होता. दोघांसाठी वर्गणी पुरली नाही. तो गावी गेला तो गेला. माझ्या पदवीकडं बघितलं की मला त्याची रिकामी कॉट दिसते.

हे एकट्या धायरीचं नाही. २०२१ साली एका दलित पोराला आयआयटी मुंबईत जागा लागली. जागा पक्की करायचे पैसे कसेबसे गोळा केले, तर कार्डावरून ऑनलाइन पैसे जाईनात आणि मुदत संपली. जागा गेली. मुंबई हायकोर्टात हरला. शेवटी २२ नोव्हेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं त्याला जागा द्यायला लावली. २०२४ ला मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या पोराला आयआयटी धनबाद लागलं. भरायचे होते १७,५०० रुपये, मुदत २४ जूनच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. पैसे जमेस्तोवर पाच वाजले. तोही दारोदार फिरत सुप्रीम कोर्टात गेला आणि ३० सप्टेंबरला कोर्टानं त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. माणसं म्हणाली, बघा, न्याय मिळाला. मी विचारतो, पाच वाजून एक मिनिटाला पोर्टल बंद झालं तेव्हा त्या पोराला फोन करणारं एक माणूस का नव्हतं? प्रत्येक पोरानं सुप्रीम कोर्टाची पायरी चढायची का? पूर्वी गावाला वेस होती, आता वेशीला पासवर्ड आहे.

१९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडं बघून. म्हणून तिकडचंही सांगतो. मार्टिन ल्यूथर किंगच्या अटलांटा शहरात जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे. गंमत अशी की तिच्या खेळाडूंना पँथर म्हणतात. तिथं काळी पोरं, गरीब पोरं पुष्कळ. २०१२ पासून तिथलं मशीन प्रत्येक पोराच्या आठशेवर खुणा बघतं. कुठल्या विषयात मार्क पडले, चुकीचा विषय घेतला का, वर्ग सोडला का. खूण दिसली की सल्लागार पोराला बोलावून घेतो. त्यासाठी त्यांनी जादा माणसं नेमली, हे ध्यानात ठेवा. फीचे थोडे पैसे कमी पडून नाव कटायला आलं तर विद्यापीठ आपण होऊन ती रक्कम भरतं. २०१६ ला मोबाइलवर उत्तरं देणारं यंत्र ठेवलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं दोन लाखांहून जास्त प्रश्नांना उत्तरं दिली. पोरं रात्री-बेरात्री विचारत होती. माणसाला विचारायला लाज वाटते ते यंत्राला विचारत होती.

पण दुसरी बाजूही ऐका. २०२१ साली 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेनं तिकडच्या मोठ्या विद्यापीठांची कागदपत्रं काढली. पोरगं नापास होईल का, गळेल का, हे ठरवताना मशीन त्याचा वंश धरत होतं. काही ठिकाणी काळ्या पोरांवर 'मोठा धोका' हा शिक्का गोऱ्यांच्या चौपट बसत होता. पोरगं पहिल्या दिवशी वर्गात पाय ठेवायच्या आधीच सल्लागाराच्या स्क्रीनवर लाल! मग सल्लागार काय म्हणणार? 'गणित जड जाईल तुला, सोपं काहीतरी घे.' हे वाक्य आपण ऐकलेलं आहे. ते ऐकायला आपल्याला कॉम्प्युटर लागला नव्हता.

तेच यंत्र, तीच लाल खूण. एका ठिकाणी खुणेमागून माणूस आणि पैसा येतो, दुसऱ्या ठिकाणी शिक्का येतो. सगळा झगडा या फरकाचा आहे.

आपल्या फॉर्मवर जातीचा रकाना आहे. तो हक्कासाठी आहे, बाबासाहेबांनी लढून घेतलेला आहे. उद्या कुणी त्याच रकान्यावरून 'हे पोरगं टिकणार नाही' असं मशीनला शिकवलं तर? २०२० च्या शिक्षण धोरणात वर्षाला सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी सोडलं तर डिप्लोमा अशी सोय आहे. २०२१ पासून क्रेडिट साठवायची ऑनलाइन बँक आहे. नाइलाजानं थांबलेल्याला परत येता येईल, हे चांगलंच. पण 'घे सर्टिफिकेट आणि जा' असं मशीन कुणाला सुचवेल? चहावाल्या दिवाणखान्यातल्या पोराला? तिथं मामा बसलाय!

आता पोरं चॅटजीपीटीला विचारतात, मराठीत विचारतात. विचारा. 'एवढं पण माहीत नाही का रे?' असं तो म्हणत नाही, हे काही कमी नाही. पण तो चुकीची तारीखसुद्धा ठासून सांगतो. आणि चुकला तर त्याची सही कुठल्याच कागदावर नसते. तेव्हा त्याला विचारा, पण तारीख आणि नियम मूळ नोटिशीतच बघा.

आमचं मागणं साधं आहे. अर्ज परत आला की कॉलेजच्या माणसानं पोराला गाठून सांगावं आणि सांगितल्याची सही द्यावी. नोटीसबोर्डावर नावं लावून आमची जात चव्हाट्यावर मांडू नये. मेसेज मराठीत यावा आणि पोराच्या स्वतःच्या नंबरवरही यावा. शिष्यवृत्तीचा पैसा यायचा आहे म्हणून कुणाचं हॉल तिकीट अडवू नये. कुठलं कॉलेज पोरांवर खुणा करणारं मशीन आणणार असेल तर खूण कशावरून करतं ते उघड सांगावं. जात मदत द्यायला धरावी, भाकीत करायला नाही.

आणि आपण? मागणी मंजूर होईपर्यंत विहारातली सतरंजी गुंडाळायची नाही. जो एक फॉर्म भरायला शिकला त्यानं दहा जणांना शिकवावं. उद्या सकाळी पहिलं काम, आपापल्या आधारला नंबर कुणाचा आहे ते बघा. दुसरं काम, खोलीतल्या प्रत्येकाला विचारा, 'तुझा अर्ज कुठं आहे?' शेजारच्या कॉटवरच्यानं उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचारा. त्याच्याबरोबर खिडकीपर्यंत जा.

मी पोर्टलवरची सगळी बटनं दाबून बघितलीत. गुरुजी एकाही बटनात नाहीत. ते होते बागेतल्या बाकावर, पोराच्या शेजारी. ती जागा रिकामी आहे. तिथं आपण बसायचं.

जयभीम!