लॉर्ड कॉर्नवॉलिस आणि मराठ्यांचा बाजार

(चंडीगड येथील मराठी रहिवाशांसमोर एका माजी विद्यार्थ्याने दिलेले व्याख्यान)



शाळेत आपण कॉर्नवॉलिसची कायमधाऱ्याची पद्धत पाठ केली आणि परीक्षा संपताच त्याला विसरलो. मराठ्यांच्या इतिहासाशी त्याचा संबंध किती निकटचा होता, ते आज सांगावयाचे आहे. चंडीगडकरांना सांगण्यास एक खास कारणही आहे. ते ओघाने येईल.

त्याचा जन्म १७३८ चा, उमराव घराण्यातला. ईटनच्या शाळेत हॉकी खेळताना एका सोबत्याचा फटका बसून त्याचा डोळा कायमचा अधू झाला. फटका मारणारा पुढे बिशप झाला! वडिलांमागे १७६२ मध्ये तो अर्ल झाला. अमेरिकन वसाहतींवर पार्लमेंटची अनिर्बंध सत्ता सांगणाऱ्या कायद्याला १७६६ मध्ये ज्या मोजक्या उमरावांनी विरोध केला, त्यांत तो होता. तरीही पुढे त्याच वसाहतींशी तो लढला आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेला. शरणागतीच्या समारंभास मात्र आजाराचे निमित्त सांगून त्याने दुय्यम अधिकाऱ्याला धाडले.

पाच वर्षांनी हाच पराभूत सेनापती गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला. टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एक झाले. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या दाराशी पोहोचला खरा, पण ओझ्याचे बैल पटापट मेले, दाणागोटा संपला, वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्याच हाताने निकामी कराव्या लागल्या. उपाशी फौज माघारी वळली. वाटेत घोडेस्वार दिसले, ते इंग्रजांना प्रथम शत्रूच वाटले. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे स्वार! त्यांच्या मागे भरलेला बाजार होता. भाव चढे होते, पण धान्य होते. 'बाजारबुणगे' हा शब्द आपण पानिपतापासून तुच्छतेने उच्चारतो. त्या दिवशी इंग्रजांची फौज बाजारबुणग्यांनीच जगवली.

पुढच्या वर्षी टिपूने अर्धे राज्य, तीन कोटी तीस लक्ष रुपये आणि दोन मुले ओलीस देऊन तह केला. कॉर्नवॉलिसने कंपनीच्या नोकरांची लाचखोरी आवरली, हे त्याच्या पदरी टाकलेच पाहिजे. परंतु वरिष्ठ अधिकारपदांची दारे त्याने एतद्देशीयांना बंद केली. ज्यांच्या धान्यावर आपली फौज तगली, त्यांच्यावर कारभार सोपविण्याइतका विश्वास त्याला वाटला नाही. त्याची ही बाजू मला आजही खटकते.

वेलस्लीच्या मराठ्यांवरील युद्धांचा खर्च कंपनीला पेलेना, तेव्हा १८०५ मध्ये सहासष्ट वर्षांच्या कॉर्नवॉलिसला पुन्हा पाठवण्यात आले. शिंदे-होळकरांशी सलोखा करावा, ग्वाल्हेर शिंद्यांना परत द्यावे, असे त्याचे धोरण होते. उत्तरेकडे जात असता ५ ऑक्टोबरला गाझीपूर येथे त्याचा अंत झाला. तेथे त्याची समाधी आहे.

त्या सुमारास यशवंतराव होळकर शीख सरदारांची मदत मागत आपल्या या पंजाबात आले होते आणि लॉर्ड लेक त्यांच्या पाठीवर होता. रणजितसिंगांनी मदत नाकारली. तथापि कॉर्नवॉलिसचे धोरण बार्लोने पुढे चालवले, आणि डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटच्या तहाने यशवंतरावांना त्यांचा बराचसा मुलूख परत मिळाला. हा तह झाला तो बियासच्या काठी. अमृतसरला जाताना आपण जी नदी ओलांडतो, तीच ही बियास.