नऊ आकडी नंबर आणि घरची वही

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने यंदा आम्हाला विषय दिला तो अमेरिकेच्या टॅक्स नंबरचा. आरती झाल्यावर आणि प्रसाद मिळण्याआधी करावर बोलायचे म्हणजे श्रोत्यांच्या संयमाची परीक्षाच. पण हा विषय आपल्याच घरांतून आलेला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी रेल्वेत, कोणी भरवेलीच्या खाणीत नोकरीला लागले आणि आपण बालाघाटचे झालो. त्यांची कमाई पगारपत्रकावर असायची. आज त्याच घरातला नातू वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसतो आणि त्याची कमाई डॉलरमध्ये येते. मग एक दिवस जेवताना तो म्हणतो, "बाबा, अमेरिकेत कंपनी काढतोय. ईआयएन घ्यायचा आहे. थोडे पैसे लागतील."

बाबांना ईआयएन म्हणजे काय ते ठाऊक नसते. आईला वाटते, पोराला फसवतील. आजी विचारते, "म्हणजे हा अमेरिकेला चालला का?" आम्ही मंडळातली करकामाशी संबंध असलेली माणसे. अशा घरांचे कागद आमच्यापर्यंत येतात, आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. हा नंबर फुकट मिळतो, पण सांभाळायला फुकट नाही. तेव्हा तो कसा घ्यायचा हे शोधण्याआधी, तो आपल्याला हवा आहे का, हे घरात बसून ठरवा.

आधी नंबराची ओळख. ईआयएन हा अमेरिकेच्या आयकर खात्याने, म्हणजे आयआरएसने, धंद्याला दिलेला नऊ आकड्यांचा क्रमांक. आपल्याकडे कंपनीचा पॅन असतो, तसेच समजा. तो धंद्याचा परवाना नाही, व्हिसा नाही आणि बँक खातेही नाही. तिथे बँक खाते उघडताना किंवा पैसे स्वीकारणाऱ्या सेवा घेताना तो विचारतात, म्हणून त्याला एवढे महत्त्व आले.

आता तो कोणाला लागतो ते पाहू. समजा, घरातला मुलगा अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो किंवा डिझाइन करून देतो. काम तो बालाघाटात बसून करतो. त्याला ना अमेरिकन कंपनीची गरज, ना ईआयएनची. समोरची कंपनी त्याच्याकडून डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागते. त्यात तो लिहून देतो की मी अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाही, भारतात राहतो, आणि माझा कर क्रमांक हा. त्या रकान्यात आपला पॅन चालतो. काम भारतात झाले असल्यामुळे या मेहनतान्यावर अमेरिकेत कर कापला जात नाही. हा फॉर्म सही केलेले वर्ष आणि त्यापुढची तीन वर्षे चालतो, मग नवा द्यावा लागतो.

समजा, घरातल्या सूनबाईंचे पाककृतींचे ई-पुस्तक अमेरिकेत विकले जाते, किंवा त्यांच्या यूट्यूब वाहिनीला तिकडे प्रेक्षक आहेत. इथे अमेरिका कर कापते, कारण पुस्तकाचे मानधन तिकडच्या विक्रीतून येते. यूट्यूबवर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर कापते. २०२१ पासून यूट्यूब त्यासाठी कराची माहिती मागते. फॉर्म भरून भारताचा करार लावून घेतला तर कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १९८९ साली झाला, त्याचा हा फायदा. शिवाय तिकडे कापलेला कर इथल्या करातून वळता करून घेता येतो. हे सगळे पॅनवर होते. ईआयएन इथेही लागत नाही.

समजा, कोणी वारासिवनीच्या हातमागाच्या साड्या परदेशी पाठवतो. त्याला लागतो तो आपल्याच सरकारचा आयात-निर्यात कोड, आणि तो कोड म्हणजे त्याचाच पॅन क्रमांक. लहान पार्सलसाठी टपाल खात्याने डाक घर निर्यात केंद्रे काढली आहेत. मात्र ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत जी शुल्कमाफी होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. साडीची किंमत सांगताना ते शुल्क कोण भरणार, हे गिऱ्हाइकाशी आधीच बोलून घ्या.

मग ईआयएन लागतो कोणाला? ज्याची स्वतःची वस्तू किंवा सेवा आहे, गिऱ्हाइके मुख्यतः अमेरिकेत आहेत, दर महिन्याला शेकडो लोकांकडून कार्डाने वर्गणी घ्यायची आहे, किंवा तिकडचा गुंतवणूकदार म्हणतो की कंपनी आमच्याकडची हवी. अशांची एक खरी अडचण आहे. स्ट्राइपसारखी सेवा भारतात मे २०२४ पासून निमंत्रणाशिवाय नवे खाते देत नाही, म्हणून मुले वायोमिंग किंवा डेलावेअर राज्यात एलएलसी काढतात. त्यात बेकायदा काही नाही. परदेशी माणसाला तिथे एलएलसी काढता येते, व्हिसा लागत नाही.

तुमचा मुलगा खरोखरच या गटात बसत असेल, तर आता प्रक्रिया ऐका.

आधी राज्याकडे कंपनीची नोंदणी, मग ईआयएन. हा क्रम उलटा करू नका. अर्जाचे नाव एसएस-४. आयआरएस त्यासाठी एक डॉलरही घेत नाही. ज्याच्याकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन आहे, तो ऑनलाइन अर्ज करून लगेच नंबर मिळवतो. आपल्या मुलांकडे तो नसतो, म्हणून ऑनलाइनचा दरवाजा बंद. पण दुसरे दरवाजे उघडे आहेत. अर्ज फॅक्सने किंवा टपालाने पाठवता येतो. ज्यांच्या धंद्याचे मुख्य ठिकाण अमेरिकेबाहेर आहे, त्यांच्यासाठी फोनचीही सोय आहे. तिकडची वेळ सकाळी ६ ते रात्री ११, सोमवार ते शुक्रवार. सध्याच्या दिवसांत आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन ते दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ असतात. फोन अमेरिकेचा आहे, त्याचे पैसे पडतात आणि थांबावे लागते. अर्ज भरून समोर ठेवावा, नावाचे एकेक अक्षर इंग्रजीत सांगायची तयारी ठेवावी, आणि सांगितलेला नंबर लिहून घ्यावा.

अर्जात 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना आहे. कंपनीचा पैसा ज्याच्या हातात, ती ही व्यक्ती. तिथे मालकाचेच नाव हवे. तिच्या अमेरिकन नंबराच्या जागी 'फॉरेन' असा शब्द लिहितात. आधी आयटीआयएन काढावाच लागतो, असे सांगून त्याचे वेगळे पैसे घेणारे लोक भेटतात. ईआयएनसाठी तो लागत नाही. पत्ता बालाघाटचा, पिन ४८१००१ सकट, दिलेला चालतो. नंबर मिळाल्याचे जे पत्र येते त्याला सीपी ५७५ म्हणतात. ते एकदाच निघते, म्हणून घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा. हरवलेच तर आयआरएस १४७-सी नावाचे खात्रीपत्र देते.

एका घरात असे घडले की एजंटाने नंबर काढून दिला, पैसे घेतले आणि अर्जाची प्रत दिलीच नाही. पुढे बँकेने विचारल्यावर कळले की 'जबाबदार व्यक्ती' म्हणून तिसऱ्याच माणसाचे नाव आहे. एजंटाची मदत घेणे गैर नाही, वेळ वाचतो. पण तो घेतो ते त्याच्या श्रमाचे पैसे असतात, नंबराचे नव्हेत. आणि सही केलेल्या अर्जाची प्रत हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

इथवर सगळे सोपे आहे. अवघड भाग नंबर मिळाल्यानंतरचा, आणि तोच कोणी सांगत नाही.

एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला दरवर्षी आयआरएसकडे फॉर्म ५४७२ भरावा लागतो, आणि त्याच्याबरोबर ११२० हा विवरणपत्राचा फॉर्म मुखपृष्ठासारखा जोडावा लागतो. अमेरिकेत कर शून्य असला तरी. मालकाने कंपनीत टाकलेले पैसे आणि कंपनीतून काढलेले पैसे, दोन्ही त्यात दाखवायचे असतात. हा फॉर्म चुकला तर दंड आहे २५,००० डॉलर. होय, पंचवीस हजार. आपल्या रुपयांत तो वीस लाखांच्या वर जातो. "धंदा झालाच नाही, मग काय भरायचे?" असे मुले विचारतात. पण कंपनी काढताना मालकाने घातलेला पैसा हाही व्यवहारच धरला जातो. याशिवाय राज्याची वार्षिक देणी आहेत. डेलावेअरमध्ये एलएलसीचे वर्षाला ३०० डॉलर, वायोमिंगमध्ये किमान ६०.

आता आपल्या देशाची बाजू. परदेशात स्वतःची कंपनी म्हणजे परदेशी गुंतवणूक. त्याचे २०२२ चे नियम आहेत. पैसा बँकेमार्फत, तिला सांगून, रिझर्व्ह बँकेचा नोंदणी क्रमांक घेऊन पाठवायचा, आणि दरवर्षी कंपनीचा अहवाल बँकेकडे द्यायचा. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, म्हणजे मर्यादा आपल्याला आड येत नाही. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. मुले क्रेडिट कार्डाने फी भरून कंपनी काढतात आणि बँकेला त्याचा पत्ताही नसतो.

आयकराचे विवरणपत्र भरताना परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो. कंपनीतला हिस्सा आणि तिकडचे बँक खाते त्यात दाखवावेच लागते, आणि छोट्या फॉर्मवर, म्हणजे आयटीआर-१ किंवा ४ वर, हे चालत नाही. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात न दाखवल्याचा दंड वर्षाला १० लाख रुपये आहे. स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता २० लाख रुपयांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे, पण दाखवण्याचे कर्तव्य सुटलेले नाही. आणि मुलगा भारतात राहतो, म्हणून त्याची जगभरातली कमाई इथे करपात्र आहे. "कंपनी अमेरिकेत आहे, इथे काय सांगायचे?" हा समज काढून टाका.

बालाघाटच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. १८९६ साली आपल्या भागातले मँगनीज काढायला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली. पुढे तीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाली. माती इथली, घाम इथला, कंपनीची नोंदणी मात्र इंग्लंडमध्ये. १९६२ मध्ये मोईल स्थापन झाली तेव्हा ५१ टक्के हिस्सा केंद्राकडे आणि मध्य प्रदेश व महाराष्ट्र सरकारांकडे आला. उरलेला ४९ टक्के परत घ्यायला १९७७ उजाडले. म्हणजे स्वतंत्र देशाच्या सरकारलाही ती नोंद पुरती इकडे आणायला पंधरा वर्षे गेली. नोंद जिथे होते, तिथला कायदा पाठीशी लागतो. ईआयएनचेही तसेच. एकदा दिलेला नंबर कायम त्या धंद्याचाच राहतो, दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. कंपनी बंद करायची तर राज्याकडे ती रीतसर बंद करायची, शेवटची विवरणे भरायची आणि आयआरएसला पत्र लिहून खाते मिटवायचे. नुसते विसरून गेल्याने काही मिटत नाही.

ज्यांच्यासमोर आपण बसलो आहोत, तो गणपती लेखकांचा देव आहे. महाभारत सांगायला व्यास बसले तेव्हा गणपतीने अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. एसएस-४ वर सही करताना, खोटे आढळल्यास शिक्षेला पात्र राहीन हे मान्य करून माणूस सही करतो. तिथे व्यासांची अट पाळा. जे कळले नाही त्यावर सही नको.

आणि ज्येष्ठांनो, ही गोष्ट आपल्या समजण्यापलीकडची आहे असे मानू नका. आपण वह्या ठेवल्या आहेत, लक्ष्मीपूजनाला त्यांची पूजा केली आहे. मुलाला चारच प्रश्न विचारा. हे काम पॅनवर होणार नाही का? अर्जावर जबाबदार म्हणून कोणाचे नाव आहे? दरवर्षी तिकडे आणि इकडे काय भरायचे, आणि त्याचा खर्च किती? धंदा चाललाच नाही, तर बंद कसा करायचा? या चारही प्रश्नांची उत्तरे त्याने नीट दिली, तर त्याला अडवू नका. पैसे द्या, आशीर्वाद द्या. उत्तरे आली नाहीत, तर रागावू नका. अनुभवी सीएकडे त्याच्याबरोबर स्वतः जा. तरुण मित्रांनो, तुम्हीही घरच्यांना हे कळणार नाही असे धरून चालू नका. वरच्या खोलीत काढलेल्या कंपनीची नोटीस येते ती खालच्या मजल्यावर, आणि दार उघडते आई.

आपल्या गावातून जगाशी धंदा होतो आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तो वाढावा, आणि त्याचा हिशेब दोन्ही देशांत स्वच्छ असावा, एवढीच विघ्नहर्त्याकडे प्रार्थना. विघ्ने तो दूर करील. वही मात्र आपणच लिहायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!