घरासमोरच्या पुलाचा कठडा



नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद. आमच्या या भागात बऱ्याच घरांपुढे नाला असतो. त्यावर स्लॅब टाकायचा आणि गाडी आत घ्यायची. शेजारीपाजारी मला विचारतात, "कर्नलसाहेब, रेलिंग कुठलं शोभेल?" मी उलट विचारतो, "ते अडवणार कुणाला? गाडीला की माणसाला?"

फौजेतला बेली पूल आठवा. मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनला लष्कराने बांधलेला, फेब्रुवारी २०१८मध्ये खुला झालेला पादचारी पूल याच जातीचा. वाहनांच्या बेली पुलावर बाजूच्या लोखंडी चौकटी चांगल्या पाच फूट उंच असतात. तरी चाक त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून खाली दोन्ही कडांना आडवी पट्टी असते. चाक खाली अडवायचं, माणूस वर अडवायचा. घरच्या पुलालाही हाच नियम.

म्हणून आधी दोन्ही कडांना स्लॅबच्या सळयांत बांधलेला, सुमारे ९ इंच उंच काँक्रीटचा कट्टा घ्या. सावकाश रिव्हर्स घेताना चुकलेलं चाक तिथे थांबतं. कट्ट्याला पाणी जायला भोकं ठेवा, नाहीतर खांब बुडाशी गंजतात.

मग कठडा. उंची किमान साडेतीन फूट, पण मोजायची कट्ट्याच्या माथ्यापासून, कारण मूल त्या कट्ट्यावरच उभं राहतं. गज उभेच हवेत. आडवे गज म्हणजे मुलांना शिडी. दोन गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको. नक्षी हवी? जरूर करा, पण पाय ठेवायला जागा मिळेल अशी नको, आणि वर भाल्याची टोकं नकोत. रस्त्याकडचा भाग आरपार दिसणारा ठेवा. भरीव भिंत असली की गाडी बाहेर काढताना रस्त्यावरून येणारी सायकल दिसत नाही. नाल्याच्या वायूने लोखंड लवकर खातं, म्हणून आधी गॅल्व्हनायझिंग, मग रंग.

आणि कठडा स्लॅब संपला तिथेच तोडू नका. काठावर दोन्ही बाजूंना चार-पाच फूट पुढे न्या. पाय घसरतो तो बहुधा तिथेच.

३१ जुलै २०२४ला दिल्लीत गाझीपूर भागात मुसळधार पावसात रस्त्यावर पाणी भरलं. उघडा नाला त्याखाली दिसेनासा झाला, आणि एक आई आणि तिचं लहान मूल त्यात बुडून गेले. पाणी चढलं की स्लॅब दिसत नाही, कड दिसत नाही. दिसतो तो फक्त कठडा. जानेवारीच्या धुक्यातही तसंच. म्हणून खांबांवर हेडलाइटमध्ये चमकणारी पट्टी लावा. खर्च अगदी किरकोळ.

शेवटचं. नाला सरकारी असतो. स्लॅब टाकण्याआधी प्राधिकरणाची किंवा पालिकेची परवानगी घ्या आणि गाळ काढायला जागा सोडा. वेल्डरकडे जाताना फोटोबरोबर हे आकडेही कागदावर लिहून न्या.

जय हिंद.