स्वस्तातले चिलर घेण्याआधी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत गार पाण्याच्या यंत्राची गोष्ट कुठून आली, असे काहींना वाटले असेल. आपल्या गटाने दूध शीतकरण केंद्र काढायचा ठराव केला आहे. कोरडवाहू माणसाच्या हातात कापसाचा पैसा वर्षातून एकदा पडतो, दुधाचा सारखा येत राहतो. ठराव चांगला आहे. ठाण्याकडच्या एका बंद कारखान्यातले जुने चिलर भंगाराच्या भावात मिळते, ते घेऊन टाकू, असाही आग्रह आहे. म्हणून आम्ही चौघे ठाणे, कल्याण, डोंबिवली फिरून आलो. आपल्याच गावची पोरे तिथे प्लांटमध्ये पाळीवर आहेत. त्यांनी दाखवले ते सांगायला उभे आहोत.

चिलर म्हणजे घरातल्या फ्रीजचा थोरला भाऊ. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता निघून जाते, पुढे व्हॉल्व्हमधून सुटताना तो थंड होतो आणि नळ्यांतल्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. १२ अंशाचे पाणी आत, ७ अंशाचे बाहेर, हा मोठ्या चिलरचा नेहमीचा हिशेब. शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून धागा निघतो. आपल्या कापसाचा सावत्र भाऊच म्हणा. त्याचे व्हिस्कोज ठरावीक थंडाव्यात ठेवावे लागते, नाहीतर धागा काढण्याआधीच वाया जाते. रसायनाच्या कारखान्यात गोष्ट जिवावरची असते. रिअ‍ॅक्टरचे गार पाणी थांबले तरी आतली क्रिया थांबत नाही. उष्णता वाढते, उष्णतेने क्रिया आणखी भडकते. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत रिअ‍ॅक्टर फुटून दहाच्या वर माणसे गेली. त्याचे खापर आम्ही चिलरवर फोडत नाही. पण तिथला ऑपरेटर पाण्याच्या तापमानाकडे डोळ्यांत तेल घालून का बघतो, ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

आता देखभालीचे. ५०० टनी चिलर पूर्ण ताकदीने चालले की त्याच्या कूलिंग टॉवरवरून तासाला सुमारे ३००० लिटर पाणी वाफ होऊन जाते. आपल्याकडे टँकरची वाट बघणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पाणी जाते, क्षार मागे राहतात. चहाच्या पातेल्याला चढतो तसा पांढरा थर कंडेन्सरच्या नळ्यांना चढतो. मग उष्णता बाहेर जात नाही, गॅसचे तापमान चढते, आणि दर अंशामागे वीज दोन-तीन टक्के जास्त लागते. यंत्र मात्र चालूच असते! कोणाला काही दिसत नाही, फक्त बिल फुगते.

हे पकडतात वहीने. बाहेर पडणारे पाणी किती अंशावर, गॅस किती अंशावर, दाब किती, हे पाळीत ठरल्या वेळी लिहायचे. दोन तापमानांतला फरक आठवड्यामागून आठवडा वाढू लागला की समजायचे, नळ्या घासायची वेळ आली. आपल्याला हे नवे नाही. कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले की गुलाबी अळीची फवारणी, बोंडे किडेपर्यंत थांबायचे नाही, हे २०१७ च्या हंगामाने आपल्याला फार महाग शिकवले.

वहीशिवाय वर्षाची कामे वेगळी. नळ्यांतून ब्रश फिरवणे, तेलाचा नमुना तपासून धातूचा कीस येतो का पाहणे, मोटारीचे इन्सुलेशन मेगरने मोजणे, गॅसची गळती शोधणे. आणि एक छोटी वस्तू, फ्लो स्विच. पाणी थांबले की तो यंत्र बंद करतो. तो अडकला तर नळीतले पाणी गोठते, नळी फुटते, पाणी गॅसमध्ये शिरते आणि दोन-चार हजारांच्या स्विचपायी लाखोंचे यंत्र जाते.

आता आपल्या जुन्या चिलरचे बोलू. त्याची वही मागितली, ती नाही म्हणाले. पाटीवर गॅस आर-१२ लिहिलेला. ओझोनच्या करारामुळे २०१० पासून तो वायू बंद आहे. ठाण्यात व्होल्टास, ब्लू स्टारसारख्यांचे कारखाने उभे राहिले, तिथे मेकॅनिक हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे यायला त्याला रात्रभर गाडीत बसावे लागेल. तोवर दूध थांबत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की ते ७ अंशाचे पाणी देणारे यंत्र. दूध न्यायचे ४ अंशावर. ७ अंशाच्या पाण्याने दूध ४ अंशावर कसे येणार?

आमच्या मते लहान बल्क कूलर घ्यावा, टाकीलाच थंड करणारा. त्यालाही निगा लागतेच. त्याच्या जाळीत कापसाची तुसे आणि कडब्याचा भुसा अडकणार, ती दर आठवड्याला झाडावी लागेल. वीज जाणार, म्हणून जनरेटर दर आठवड्याला चालवून बघावा लागेल. शेजारच्या तालुक्यात एका केंद्राच्या उद्घाटनाला मोठा मंडप पडला होता; दोन वर्षांत कुलूप लागले, कारण दुरुस्तीच्या नावाने एक रुपया बाजूला काढलेला नव्हता.

तेव्हा जुन्या चिलरचा आग्रह सोडावा. दर लिटरमागे देखभालीचे किती पैसे कापायचे आणि वही कोणाच्या हाती द्यायची, हे आज इथेच ठरवू. ज्यांचे दूध येणार आहे त्यांनी आधी बोलावे.