धबधबा गावाचा, निर्णय कुणाचा?



 या परिषदेला जमलेल्या आपल्यापैकी बहुतेक अभियंत्यांची हयात मेगावॉटच्या हिशेबात गेली. आज मात्र मी १५ किलोवॉटबद्दल बोलणार आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात बिलगाव हे आदिवासी गाव आहे. तिथल्या धबधब्यावर जानेवारी २००३ मध्ये एवढ्याच क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे अभियंते, नर्मदा बचाव आंदोलन आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून तो उभा राहिला. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ चित्रपटामागे बिलगावची प्रेरणा होती, असे सांगितले जाते. चित्रपटातले काम दिवा लागला की संपते. आपले काम त्यानंतर सुरू होते.

गणित सोपे आहे. १० मीटर उंचीवरून सेकंदाला ३०० लिटर पाणी पडले, तर कागदावर सुमारे २९ किलोवॉट मिळतात. पाइपातले घर्षण, टर्बाइन आणि जनित्र आपापला वाटा घेतात आणि हाती साधारण निम्मे उरतात. पण हे ३०० लिटर कोणत्या महिन्यातले? साइट पाहायला आपण श्रावणात जातो, धबधबा पाहून खूश होतो आणि त्याच पाण्यावर टर्बाइन ठरवतो. सातपुड्यातला ओढा एप्रिल-मे महिन्यांत कसा असतो, हे गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारावे. वीज वर्षातले किती महिने मिळणार, हे गावाला पहिल्याच बैठकीत सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट पाइपाच्या तोंडावरच्या जाळीची. पहिल्या पावसात सागाची पाने वाहून येतात आणि जाळी तुंबते. टाकीतली पातळी उतरते, पाइपात हवा शिरते आणि गावातले दिवे मिचमिचू लागतात. अशा वेळी रात्री बॅटरी आणि दंताळे घेऊन कुणीतरी जायचे असते. आपल्या अंदाजपत्रकात सिमेंटची गोणीन् गोणी मोजलेली असते. या माणसाची मजुरी मात्र नसते. लोड कंट्रोलरचेही तसेच. गाव झोपले, दिवे मालवले की जनित्राचा वेग वाढू नये म्हणून तो उरलेली वीज हीटरच्या कॉइलमध्ये जिरवतो. कॉइल जळली आणि सुटा भाग गावात नसला, तर अख्खा प्रकल्प बंद.

बिलगावचा प्रकल्प मात्र पानांनी किंवा कॉइलने संपला नाही. २००६ मध्ये नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची भिंत १२१.९२ मीटरपर्यंत चढली आणि फुगवट्याच्या पाण्यात तो बुडाला. यंत्र गावाने सांभाळले होते. पाणी कुठवर चढणार, हे ठरवणारे दुसरेच होते. एकाच नदीच्या खोऱ्यात दोन वीजप्रकल्प, आणि लहानाला कुणी मोजलेच नाही. ही त्रुटी अभियांत्रिकीच्या बाहेरची आहे, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. पाणलोटाचे आणि बुडीत क्षेत्राचे नकाशे आपणच काढतो.

१९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने, तिथल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे. या तरतुदीचा आधार घेऊन परिषदेने तीन ठराव करावेत, अशी माझी सूचना आहे. उन्हाळ्यातला प्रवाह मोजल्याशिवाय कोणत्याही लघु प्रकल्पाच्या अहवालावर आपण सही करू नये. पहिल्या पाच वर्षांची देखभाल, चालकाची मजुरी आणि सुटे भाग मूळ अंदाजपत्रकातच धरावेत. आणि असा प्रकल्प ग्रामसभेच्या मालकीची मालमत्ता म्हणून नोंदवावा; म्हणजे उद्या वरून धरण आले किंवा दारात ग्रिडची तार आली, तर भरपाई किंवा जोडणी गावाला हक्काने मागता येईल.

हे तीन ठराव आजच्या समारोपाच्या सत्रात मांडावेत, अशी कार्यकारिणीला विनंती करतो.